दुसऱ्या प्रोग्रामला कामाला लावणारे मॉड्यूल : एक पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुना कागद वाचता येणे ही इतिहासाची पहिली गरज आहे. शाळेच्या जुन्या छापील स्मरणिका संगणकावर आणताना विद्यार्थी व मी जे शिकलो, ते येथे मांडतो. तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना यातील बरेच ठाऊक असेल. पालकांसाठी मात्र सविस्तर सांगतो.

पानाच्या छायाचित्रातून अक्षरे ओळखणारा 'टेसरॅक्ट' हा प्रोग्राम ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडला व २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मराठीची स्वतंत्र फाइल जोडली की तो मराठीही वाचतो. 'पायथॉन' या भाषेतून त्याचा उपयोग करण्यासाठी 'पायटेसरॅक्ट' हे मॉड्यूल आहे. हे मॉड्यूल स्वतः एकही अक्षर ओळखत नाही. ते टेसरॅक्टला कामाला लावते आणि त्याचे उत्तर आपल्या हाती देते. असे प्रोग्राम चालवण्याची सोय पायथॉनमध्ये 'सबप्रोसेस' या नावाने २००४ पासून, म्हणजे २.४ आवृत्तीपासून आहे.

माझ्या घरी सुरळीत चाललेले काम शाळेच्या संगणकावर अडले. 'पिप'च्या आज्ञेने मॉड्यूल आले, टेसरॅक्ट आला नाही. पिप पायथॉनची पॅकेजे आणतो. बाहेरचा प्रोग्राम आपला आपण बसवावा लागतो. डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स प्रणालींच्या पॅकेजात मात्र अशा प्रोग्रामची गरज नोंदवता येते व तो सोबतच येतो. चूक माझीच होती. मी ही गरज कोठेही लिहून ठेवली नव्हती.

म्हणून असे मॉड्यूल बांधताना चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली : कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, कोणती भाषा-फाइल लागते, हे माहितीपत्रकात ठळक लिहावे. प्रोग्राम जागेवर आहे का, हे सुरुवातीलाच तपासून नसल्यास स्पष्ट संदेश द्यावा.

दुसरी : आज्ञा एका सलग वाक्यात न देता शब्दांच्या यादीने द्यावी. नाहीतर फाइलच्या नावातील मोकळ्या जागेने तिचे तुकडे होतात. नावात खोडसाळ चिन्हे असल्यास भलतीच आज्ञाही चालू शकते.

तिसरी : प्रोग्राम संपताना एक अंक देतो. शून्य म्हणजे काम झाले, अन्य अंक म्हणजे बिघाड. तो अंक तपासावा, त्रुटीचा संदेश जपावा आणि वेळेची मर्यादा घालावी.

चौथी : 'पायप्रोजेक्ट' फाइलीत नाव, आवृत्ती, परवाना व अवलंबित पॅकेजे नोंदवावीत, आणि ज्यावर आधी काहीच बसवलेले नाही अशा संगणकावर चाचणी घ्यावी.

ही शेवटची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बांधणाऱ्याच्या संगणकावर सर्व काही आधीपासून असते, म्हणून उणीव त्याला दिसत नाही. ज्या मुलाच्या घरात विचारायला कोणी जाणकार नाही, ते मूल त्या न लिहिलेल्या एका ओळीपाशी अडते आणि आपल्यालाच हे जमत नाही असे समजून उठते. ज्ञान काही जणांपुरते राहिले की काय होते, हे इतिहासाने आपल्याला पुरेसे शिकवले आहे. माजी विद्यार्थ्यांनो, आपण जे बांधाल, त्यात ती ओळ अवश्य लिहा.