मुलाची वाढ वेगळी असेल तर

‘मागच्या जन्मीचं फेडतोय, दुसरं काय!’ बोलायला उशीर झालेल्या किंवा हाकेला ओ न देणाऱ्या मुलाबद्दल हे वाक्य जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांतही ऐकू येते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातही ऐकू येते. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारली आहे. ज्या विचाराने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तोच आपण आपल्या लेकराला लावावा काय?

मेंदूची जडणघडण आईच्या पोटातच सुरू होते. काही मुलांत ती वेगळ्या वाटेने जाते. पुष्कळदा कारण आनुवंशिक असते. कधी अपुऱ्या दिवसांचा जन्म, कधी जन्मताना प्राणवायू कमी पडणे. ग्रहणात आईने विळी धरली म्हणून हे होत नाही, लस टोचली म्हणूनही नाही. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता ही या गटातली नावे. ‘स्वमग्नता’ हा शब्द आम्हाला जरा फसवा वाटतो. मूल मुद्दाम स्वतःत रमलेले नसते. आवाज, स्पर्श, चेहऱ्यावरचे भाव त्याच्यापर्यंत वेगळ्या रीतीने पोचतात.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळते. दीड वर्षाचे बोटाने वस्तू दाखवते. दोन वर्षांचे ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडते. हे होत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते; १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यांचे कामच आहे. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाची वाट न पाहता मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठून पुढे औंधच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागता येते.

अट्ठकथेत चूळपंथकाची गोष्ट येते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू. त्याने याला संघातून जायला सांगितले आणि जीवकाच्या घरच्या भोजनाला जाणाऱ्यांच्या मोजणीतूनही वगळले. भगवंतांनी मात्र त्याच्या हाती पांढरे फडके दिले आणि ते चोळत एकच शब्द म्हणायला सांगितले. फडके मळत गेले, आणि अनित्यता त्याला हाताने कळली. भगवंतांनी शिकवण्याची रीत बदलली. आजचे विशेष शिक्षकही हेच करतात: एका वेळी एकच सूचना, बोलण्याबरोबर चित्र किंवा वस्तू, रोजचा क्रम ठरलेला. शाळेत मात्र आपल्या पोराला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणे फार सोपे असते. जात पाहून तर ते काहींना चटकन पटते. वाचनात अक्षरे उलटसुलट होत असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी मागा. प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ मिळतो.

आपल्या भागातला एक धोका शहरातल्या तज्ज्ञांना सहसा सुचत नाही. काही मुले न सांगता घरातून चालू लागतात. इथे घराबाहेर ऊस, उसात बिबट्या, शिवाय उघड्या विहिरी आणि कालवे. म्हणून मजुरीला जाताना एखादी आई पोराला खांबाला बांधून जाते. तिला नावे ठेवणे सोपे आहे. तिची मजुरी कोण भरून देणार? दाराची कडी उंच लावावी, पायात घुंगरू बांधावे, सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवावा. शेजारच्या चार घरांना सांगून ठेवावे की हा हाकेला ओ देणार नाही. मूल हरवले तर आधी विहीर-कालव्याकडे धावा, अशा अनेक मुलांना पाण्याची ओढ असते. महिला मंडळाने सांभाळण्याची पाळी लावली तर बांधायची वेळच येणार नाही.

विहारात वंदनेला हे मूल मध्येच उठेल, कर्ण्याच्या आवाजाने कान झाकेल. त्याला दाराजवळ बसवा, कर्ण्याचा आवाज कमी करा, फुले मांडायचे काम त्याला द्या. त्याच्या आईकडे वळून पाहू नका.

कागदांचेही पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता त्यात येतात. अतिचंचलता स्वतंत्रपणे येत नाही, म्हणून सोबत दुसरी अडचण आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. ४० टक्के किंवा जास्त प्रमाण ठरल्यास ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ‘निरामय’ या आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायची आपल्याला सवय आहेच. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठीही घालावेत. जाताना आधार कार्ड, फोटो आणि आजवरच्या तपासण्यांचे सगळे कागद एका पिशवीत न्यावेत, जन्मावेळचे दवाखान्याचे कार्डसुद्धा.