थेंबभर आयोडीन, चिमूटभर पुडी

आमच्या रोहिणखेडात आता एखादी बाई जिना चढताना दमली, की शेजारीण तिथल्या तिथं निदान करते, "थायरॉइड असंल वं तुले." पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा शब्द गावात डॉक्टरशिवाय कुणाच्या तोंडी नव्हता. शब्द आला ते बरंच झालं, निदान रक्त तरी तपासलं जातं. पण त्याच्या मागोमाग ड्रॉपरच्या बाटल्या आल्या, पुड्या आल्या, मोबाइलवर बोलणारे वैद्य आले. आमच्या घरात त्यातल्या दोन गोष्टींनी चांगलाच मुक्काम ठोकला. बाटलीनं मला गाठलं आणि पुडीनं सासूबाईंना.

मला थायरॉइडची गोळी धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झाली. रक्तात अँटी-टीपीओ नावाची प्रतिद्रव्यं वाढलेली निघाली, म्हणजे हाशिमोटोचा आजार. १९१२ साली हाकारु हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा वर्णन केला. यात शरीराची स्वतःची फौजच थायरॉइडच्या ग्रंथीवर चालून जाते आणि ग्रंथी हळूहळू थकत जाते. मीठ आयोडीनयुक्त असलेल्या भागात थायरॉइड मंदावण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच झाला. माझ्या ग्रंथीला आयोडीन कमी पडत नव्हतं, तिच्यावर हल्ला होत होता.

गोळीवर माझं बरं चाललं होतं. सोंगणीच्या दिवसांत थकवा यायचा, पण तो कुणाला येत नाही? उन्हाळ्यात पुण्याची मावसबहीण आली आणि तिनं आधी माझी परीक्षा घेतली. हाताच्या आतल्या बाजूला आयोडीनचा बोटभर रुंद तपकिरी पट्टा ओढला. चोवीस तास टिकला तर शरीरात आयोडीन पुरेसं, लवकर गेला तर शरीर आयोडीनला भुकेलं, असा तिचा हिशेब. आमच्या मोताळ्याकडचं मे महिन्यातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना निकाल सांगायला नको. दिवेलागणीला पट्टा गायब. "बघ, अंगानं पिऊन टाकलं," ती म्हणाली. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तोच पट्टा खिडकीत ठेवलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओढून पाहिला. तोही फिका पडत पडत गेला. आयोडीन मुळात हवेत उडून जाणारं. फरशीला काही थायरॉइड नसतं.

तिनं मला दिलेल्या बाटलीत होतं लुगोलचं द्रावण. झाँ लुगोल या फ्रेंच डॉक्टरांनी ते १८२९ मध्ये तयार केलं, आणि आजही थायरॉइडच्या काही शस्त्रक्रियांपूर्वी सर्जन ते मोजके दिवस देतात. म्हणजे ते खोटं औषध नाही, खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. पाण्यात दोन थेंब, मग चार. काही आठवड्यांत तोंडाला धातूची चव येऊ लागली, सकाळी डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा, भर उन्हाळ्यात पायांना गारठा. मावसबहिणीला फोन केला की तिचं उत्तर तयार, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, थेंब वाढव." माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वांत वाईट वाक्य हेच. बरं वाटलं तर औषधाचा गुण, त्रास वाढला तरी औषधाचाच गुण! अशा औषधाला थांबायची जागाच उरत नाही.

बुलढाण्याला रक्त दिलं. ज्याचं प्रमाण साधारण चार-साडेचारच्या आत असावं लागतं तो टीएसएच (ग्रंथी मंदावली की हा वाढतो) चाळिशी ओलांडून गेला होता, आणि तोही रोजची गोळी चालू असताना. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कागद ओढला आणि गणित मांडलं. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याची सगळी गरज जमेला धरली तरी चार ग्रॅमही भरत नाही. आणि लुगोलच्या ५ टक्के द्रावणाच्या एका थेंबात सहा मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन. म्हणजे थेंबागणिक जवळपास सव्वा महिन्याचं रेशन. मी दिवसाकाठी पाच महिन्यांचं पीत होते.

एवढं आयोडीन एकदम आलं की ग्रंथी हार्मोन बनवणंच थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये हे दाखवून दिलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते आणि पुन्हा कामाला लागते. हाशिमोटोनं पोखरलेली ग्रंथी सावरू शकत नाही, बंदच पडून राहते. उलटंही होतं. ज्यांच्या गळ्यात जुन्या गाठी आहेत त्यांच्यात आयोडीनचा मारा झाला की ग्रंथी बेफाम सुटते, छाती धडधडते, वजन उतरतं, हात कापतात. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला ते झेपत नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमियोडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधातही ते भरपूर असतं. ही औषधं गरजेचीच असतात, ती नाकारू नका. फक्त थायरॉइड आहे हे आधी सांगा आणि नंतर टीएसएच तपासून घ्या.

थेंब बंद झाले, आणि मग घरात दुसरं टोक गाठलं गेलं. आमच्या ह्यांनी आयोडीनचं मीठच बंद करायचं ठरवलं आणि किलोभर सैंधव आणून ठेवलं. मी ते लोणच्याच्या बरण्यांकडे वळवलं. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. आपल्याकडे ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात बरोबर दिवसाची गरज. ही मोजणी कुणी हवेत केलेली नाही. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनचं आणि काही भागांत साधं मीठ दिलं. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या मुलांमधला गलगंड उतरत गेला. त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. गलगंड तर दिसतो तरी. पोटातल्या बाळाला आयोडीन कमी पडलं तर मेंदूची वाढ खुंटते, ते वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा हाशिमोटो असला तरी पिशवीतलं साधं आयोडीनयुक्त मीठ खायचं, नेहमीइतकंच. झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवायचं. वरून थेंब नकोत, समुद्री शेवाळाच्या कॅप्सुलाही नकोत.

‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांवर आयोडीनच्या शेजारी सेलेनियमही लिहिलेलं असतं. ते वाचलं की मला आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातली २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट आठवते. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीनं हातात येऊ लागले, आठवड्याभरात टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. आयसीएमआरची माणसं येऊन नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या कामासाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी केली तेव्हा बाधितांच्या रक्तात सेलेनियम बेसुमार आणि झिंक कमी आढळलं, आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. सेलेनियम थायरॉइडच्या कामाला लागतंच, पण लागतं कणभर. आमच्याकडे केस गळतात म्हणून थायरॉइडची कॅप्सूल घेणाऱ्या बायका आहेत, त्यांना मी ही बातमी मुद्दाम सांगते.

आता पुडीबद्दल. सासूबाईंचे गुडघे बरीच वर्षं धरलेले. बाजारात एक जण जडीबुटीची भुरकी पुडी द्यायचा, सकाळी कोमट पाण्यातून चिमूटभर. गुण एवढा की त्या हसत सांगायच्या, "पुडी घेतली का म्या वावरात जाऊन येतो." दोन पावसाळ्यांत त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला. "सासू भरली वं तुह्यी," असं कौतुकही झालं. पण दंडाची कातडी पापडासारखी पातळ झाली होती, नुसता बांगडीचा धक्का लागला तरी निळा डाग पडायचा, आणि कधी नव्हती ती साखर लागली. हे सगळं स्टेरॉइडचं काम. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असणं हे आपल्याकडच्या डॉक्टरांना नवीन नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. ताप, मार, उपास, कुठलंही संकट आलं की त्यांचं कॉर्टिसॉल रक्तदाब आणि साखर धरून ठेवतं. बाहेरून स्टेरॉइड आयतं मिळत राहिलं की या ग्रंथी झोपी जातात. पुडी चालू असते तोवर काही कळत नाही. दिवाळीनंतर पुडीवाला यायचाच बंद झाला. सासूबाईंची भूक मेली, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, दिवसभर बाजेवर. एका दवाखान्यात टीएसएच तपासला, तो थोडासा वाढलेला होता, म्हणून त्यांना थायरॉइडची गोळी सुरू झाली. कॉर्टिसॉल कमी पडलं तरी टीएसएच असा थोडा वर जाऊ शकतो, हे आम्हाला कुठून ठाऊक? आणि थायरॉइडची गोळी शरीराची भट्टी वाढवते, उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपवते. काही दिवसांतच उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब लागेना, त्या माणसं ओळखेनात.

अकोल्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता दंडावरच्या निळ्या डागांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी कुठली पुडी घेत होत्या?" तोपर्यंत कुणीही पुडीचं नाव काढलं नव्हतं, कारण आमच्या लेखी ते औषधच नव्हतं. रक्तात सोडियम खाली, कॉर्टिसॉल नावाला. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उठून बसल्या आणि भाकर मागू लागल्या, "मले काहून आनलं इथं?" त्यांची थायरॉइडची गोळी बंद झाली. स्टेरॉइडची गोळी मात्र सुरू झाली आणि ती महिनोनमहिने हळूहळू उतरवावी लागली. तेव्हा सांगते, कुणी वर्षानुवर्षं अशी पुडी घेत असेल तर ती हिसकावून उकिरड्यावर फेकू नका. पुडीसकट माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाला ताप आला तर डोस वाढवावा लागतो, उलट्या होत असतील तर इंजेक्शनच लागतं. किती आणि कधी, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पाकिटात ठेवा.

पुडीशिवायही अ‍ॅड्रिनल बंद पडतात. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये तो आजार लिहून ठेवला, तेव्हा त्यांच्या रुग्णांत क्षयाचे बरेच होते, आणि आपल्या देशात क्षय हे कारण अजून विसरण्यासारखं नाही. हाशिमोटो असलेल्या काहींच्या शरीराची तीच बिथरलेली फौज अ‍ॅड्रिनलवरही चालून जाते. वजन उतरत जाणं, तळहातांच्या रेषा आणि हिरड्या काळवंडणं, मीठ चाटावंसं वाटणं, उभं राहताच चक्कर, थायरॉइडची गोळी सुरू करून बरं वाटण्याऐवजी तब्येत ढासळणं, अशी चिन्हं दिसली तर सकाळी आठच्या सुमारास रक्त देऊन कॉर्टिसॉल तपासून घ्या. दोन्ही ग्रंथी मंदावल्या असतील तर आधी स्टेरॉइड आणि मग थायरॉइडची गोळी, हा क्रम उलटवायचा नसतो.

मोबाइलवर मात्र वेगळाच आजार विकला जातो, ‘अ‍ॅड्रिनल फटीग’. हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटना असा आजार मानत नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ची बारा उत्पादनं तपासली, तर बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि निम्म्याहून अधिकांत स्टेरॉइडची जातकुळी. डब्यावर त्याचा उल्लेखही नव्हता. आमच्या बाजारातली पुडी निदान कागदात बांधलेली होती, एवढाच फरक. थकवा खरा असतो, हे मी नाकारत नाही. आमच्या भागात तो बायकांच्या हिमोग्लोबिनमध्ये, बी-१२ मध्ये, साखरेत आणि अपुऱ्या झोपेत आधी शोधावा.

थायरॉइडच्या गोळीविषयी मला रोज विचारलं जातं, म्हणून तेवढं सांगते. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. आमच्याकडे घरचं सोयाबीन असतं, म्हणून गव्हाच्या दळणात पायलीमागे ओंजळभर टाकतात. त्यानंही गोळी कमी शोषली जाते. दळण बदलायची गरज नाही, न्याहारी आणि गोळीत अंतर ठेवा आणि सोयाबीनचं प्रमाण रोज तेवढंच असू द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, नाहीतर अहवाल फसवा येतो. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी तपासून पैसे घालवू नका. गोळीची बाटली फडताळात ठेवा, चुलीवरच्या फळीवर नको.

परवा समोरच्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी आली. दिवस राहिल्यापासून तिनं थायरॉइडची गोळी सोडली होती, बाळाला बाधेल म्हणून. गोळी बाधत नाही, ती न घेणं बाधतं. गरोदरपणात तर डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि पाळी चुकल्याचं लक्षात येताच डॉक्टरांना कळवायचं असतं. आयोडीनची गरजही या काळात २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. ती मिठातून, दुधातून, अंड्यांतून भागते आणि कमी पडली तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. बाळंतपणात जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर आयोडीनचं तपकिरी औषध रोज चोपडू नका, तान्ह्याच्या कातडीतून ते आत जातं आणि त्याची ग्रंथी मंदावू शकते. त्या लेकीला त्याच दिवशी बुलढाण्याला धाडलं, आणि बाळ जन्मलं की त्याचाही टीएसएच तपासून घ्यायला सांगितलं आहे.