प्रवासांतील रेखाटनवही

प्रवासानें मनुष्य शहाणा होतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु प्रवास करणारा प्रत्येक जण शहाणा होऊनच परत येतो, असा अनुभव मात्र नाहीं. सामानाची पेटी गाडींत चढते व उतरते. कित्येक प्रवाशांचेंही तसेंच होतें. पुष्कळ हिंडणें आणि पुष्कळ पाहणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पाहण्याची संवय लावून घेण्याचा एक सोपा, स्वस्त व आनंददायक उपाय आहे. तो हा कीं, प्रवासांत जवळ एक लहानशी वही बाळगावी व जें दिसेल तें उघड्यावर बसून रेखाटावें. युरोपांत हिंडणाऱ्या चित्रकारांनीं हा उपाय कसा केला व आपल्या सोनपेठच्या मुलामुलींस तो कसा करितां येईल, याचा विचार आपण या पाठांत करूं.

जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहराचा चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर हा इ. स. १४९४-९५ मध्यें आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत गेला. या प्रवासांत त्यानें इन्सब्रुक शहर, आर्कोचा डोंगरी किल्ला इत्यादि स्थळें जलरंगांत उतरून घेतलीं. त्या काळीं देखावा हा बहुधा साधुसंतांच्या किंवा धनिकांच्या चित्रामागील पडदा म्हणून येत असे. ड्यूररनें वाटेंत भेटलेल्या स्थळालाच चित्राचा मुख्य विषय केलें. इंग्लंडचा टर्नर (१७७५-१८५१) हा तर जन्मभर वही घेऊन हिंडला. त्याच्या सुमारें ३०० वह्या लंडनच्या टेट संग्रहालयाच्या ताब्यांत आहेत. १८१९ सालीं इटलींत असतां उघड्यावर रंग भरीत बसणें तो टाळी. कारण एक रंगीत चित्र होईल तेवढ्या वेळांत शिसपेनानें पंधरासोळा रेखाटनें होतात, असा त्याचा हिशेब होता.

तैलरंग बाहेर नेणें त्या काळीं फार कष्टाचें होतें. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत; ती फुटली कीं रंग वाया गेला. १८४१ सालीं लंडनमध्यें राहणाऱ्या जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें दाबून रंग काढण्याची धातूची नळी शोधून काढली. पुढें फ्रान्समधील मोने व त्याचे सोबती शेतांत आणि नदीकांठीं बसून संपूर्ण तैलचित्रें रंगवूं लागले, त्याला ही लहानशी नळी पुष्कळ उपयोगी पडली.

आतां आपल्या जवळचें उदाहरण घेऊं. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालीं मध्यप्रांतांतील मंडला जिल्ह्यांत झाला. १९३९ ते १९४३ पर्यंत ते नागपूरच्या चित्रकलाशाळेंत शिकले व नंतर मुंबईस सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले. मुंबईचे रस्ते व इमारती यांचीं त्यांचीं जलरंगी चित्रें रसिकांच्या नजरेंत भरलीं. १९४८ सालीं काश्मीरांत त्यांची प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशीं गांठ पडली. त्यांनीं रझांचीं चित्रें पाहून सांगितलें कीं, हातीं कौशल्य आहे, पण चित्राला बांधणी नाहीं. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करावा. हा उपदेश करणारा गृहस्थ स्वतः कॅमेरा घेऊन जगभर हिंडणारा होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

रझांनीं राग मानला नाहीं. १९५० सालीं ते फ्रान्सला गेले, पॅरिसच्या कलाशाळेंत शिकले व दक्षिण फ्रान्समधील गांवें त्यांनीं नव्या दृष्टीनें पाहिलीं. कान्य या टेकडीवरील गांवाच्या त्यांच्या चित्रांत घरें एखाद्यानें ठोकळे रचावे तशीं एकमेकांस खेटून उभीं आहेत. १९५६ सालीं तेथील समीक्षकांचें पारितोषिक त्यांस मिळालें. २०१० च्या अखेरीस ते मायदेशीं परतले आणि २०१६ सालीं दिल्लींत त्यांचें निधन झालें. युरोपांत त्यांनीं जें मिळविलें त्याचा पाया नागपूर-मुंबईच्या रस्त्यांवरच घातला गेला होता. यावरून आपण असा बोध घ्यावा कीं, पॅरिसला जाईन तेव्हां रेखाटन करीन, असें म्हणणाऱ्याच्या हातून तें पॅरिसलाही होणार नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. तळहाताहून थोडी मोठी कोऱ्या कागदांची वही, दोन मऊ शिसपेनें व तीं तासण्याचें साधन एवढें साहित्य पुरे. रबर घरींच ठेवावें. कारण तें जवळ असलें म्हणजे हात काढण्यापेक्षां पुसण्यांतच गुंततो.

पहिली पायरी निवडीची. डोळ्यांपुढें दिसतें तें सगळें कागदावर मावत नाहीं. पुठ्ठ्याच्या तुकड्यास लहानशी चौकोनी खिडकी पाडून तींतून पाहावें व जेवढा भाग मनास भरेल तेवढाच घ्यावा.

दुसरी पायरी क्षितिजरेषेची. ही रेषा नेहमीं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. आपण बसलों तर ती खालीं येते, उभे राहिलों तर वर जाते. ती प्रथम हलक्या हातानें काढावी. आपल्यापासून दूर जाणाऱ्या सपाट रस्त्याच्या दोन्ही कडा त्याच रेषेवर एकत्र येतात.

तिसरी पायरी प्रमाणाची. हात ताठ पुढें करून शिसपेन उभें धरावें, एक डोळा मिटावा व दाराची उंची आंगठ्यानें शिसपेनावर मापावी. तें माप भिंतीवर किती वेळां बसतें हें मोजलें म्हणजे घर मोठें अथवा लहान होण्याची भीति राहात नाहीं. रझांना ज्या बांधणीचा उपदेश मिळाला तिची सुरुवात येथूनच होते.

चौथी पायरी छायेची. ऊन कोणत्या बाजूनें येतें हें ठरवून सर्व सावल्या एकदम टिपाव्या. घटकाभरानें त्या सरकतात. शेवटीं पानाच्या कोपऱ्यांत स्थळ, तारीख व वेळ लिहावी.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. युरोपांतील पुस्तकांत सांगितलेली वेळ आपणांस जशीच्या तशी चालणार नाहीं. लंडन शहर सुमारें ५१॥ उत्तर अक्षांशावर आहे. तेथें जून महिन्यांत दिवस साडेसोळा तासांचा असतो, आणि भर दुपारींही सूर्य सुमारें ६२ अंशांहून वर चढत नाहीं. म्हणून वस्तूंस दिवसभर सावली असते. आपलें सोनपेठ १९ अक्षांशाच्या जवळ आहे. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस दुपारीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशींच नाहींशी होते. अशा वेळीं वाडा, झाड व मनुष्य हीं सारखींच सपाट दिसतात. शिवाय उन्हाळ्यांत जलरंग कागदावर पसरण्यापूर्वींच वाळतो. म्हणून आपल्याकडे सकाळचा पहिला प्रहर व सायंकाळ हाच रेखाटनाचा काळ होय.

परक्या ठिकाणीं बसतांना तेथील माणसांची परवानगी घ्यावी. जर्मन कवि ग्योथे हा १७८६ सालीं इटलींत गार्डा सरोवराकांठच्या माल्चेसिने गांवीं एका पडक्या किल्ल्याचें चित्र काढीत बसला होता. लोक जमले; हा हेर असावा असा त्यांस संशय आला व एकानें चित्राचा कागद फाडून टाकिला. जर्मनींत राहून आलेला एक गांवकरी मध्यें पडला, म्हणून प्रकरण मिटलें. ग्योथेनें चिडून न जातां, जुन्या पडक्या इमारतींत पाहण्यासारखें काय आहे हें लोकांस शांतपणें समजावून सांगितलें. हा विनय प्रत्येक प्रवाशानें शिकण्यासारखा आहे.

आपल्या पंचक्रोशींत विषयांची वाण नाहीं. वाण नदीचा कांठ, बाजारांतील पालें, कापसानें भरलेली गाडी, गंगाखेडचा गोदावरीचा घाट, परळी वैजनाथाच्या देवळाच्या पायऱ्या, यांपैकीं प्रत्येक वस्तु एकेक धडा शिकविते. पायऱ्या काढूं लागलें म्हणजे क्षितिजरेषेचा नियम आपोआप समजतो. बाजारांत बसलें म्हणजे हलत्या माणसास चार रेषांत कसें धरावें हें कळतें. नदीस पाणी असतां मात्र वडील माणसांवांचून कांठीं जाऊं नये.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा चित्र काढीत बसला म्हणजे अभ्यास बुडाला, असें समजूं नये. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. ज्यानें बाहेर बसून पाहिलें आहे त्यालाच तो नीट साधतो. पण गोष्ट परीक्षेपुरतीच नाहीं. आपल्या मराठवाड्यांतील अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांच्या नकला करण्यास मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ सालीं आरंभ केला व त्यांत आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचिलीं. त्यांतील बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम पुन्हां केलें. १८८५ च्या आगींत त्यांतील पुष्कळ नकलाही गेल्या. तरी जें उरलें त्यावरून, भिंतीवरून आज झडून गेलेलें कांहीं आपणांस पाहावयास मिळतें.

आपल्या गांवोगांवच्या गढ्या खचत आहेत, जुने वाडे पाडले जात आहेत. मोबाईलवर त्यांचें छायाचित्र एका क्षणांत निघतें, आणि तें काढून ठेवावेंही. परंतु ज्या दाराची महिरप मुलानें अर्धा तास बसून रेखाटली, तें दार पुढें उभें राहिलें नाहीं तरी त्याच्या मनांत उभें राहतें. एवढ्याकरितां दहा-वीस रुपयांची एक वही मुलाच्या हातीं द्यावी. येत्या सुटींत प्रवास गंगाखेडपर्यंतचा असो कीं इटलीपर्यंतचा, रोज एक पान भरावें. सुटी संपतांना पहिलें पान व शेवटचें पान शेजारीं ठेवून पाहावें. आपली दृष्टि किती पुढें गेली हें त्यावरून ज्याचें त्यास कळेल.