वसुलीचा दावा: कोणाकोणावर टाकायचा आणि कशाकशाचा टाकायचा?

पेमेंट अडकलं की काय करायचं, या आपल्या सिरीजमध्ये ४५ दिवसांचा नियम, समाधान पोर्टल आणि वकिलाची नोटीस इथपर्यंत आपण आलो. आता समजा एवढं करूनही पैसे आले नाहीत आणि दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा टाकायचं ठरलं. वकील पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचारणार. दावा कोणाकोणावर? आणि कशाकशाचा? आपले लोक पहिल्या प्रश्नावर तासभर डोकं लावतात आणि दुसरा पाच मिनिटांत उरकतात. खरा धोका दुसऱ्यात जास्त आहे. पार्टीचं नाव चुकलं तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं. सोडून दिलेली रक्कम मात्र सहसा परत मागता येत नाही.

म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ.

कशाकशाचा: सगळं एकदाच मागा

समजा भोसरीतल्या एका वर्कशॉपने चाकणच्या एका कंपनीला एकाच ओपन पीओवर मशीनिंगचं जॉबवर्क करून दिलं. ११ बिलं थकली, एकूण १४ लाख ६० हजार. त्यातल्या तीन बिलांवर, म्हणजे ३ लाख १० हजारांवर, कंपनीने रिजेक्शनची डेबिट नोट पाठवली आहे. मालक म्हणतो, "वादाची तीन बिलं आत्ता नको. स्वच्छ साडेअकरा लाखांचा दावा टाकू. कोर्ट फी पण कमी लागेल. ती तीन नंतर बघू."

हे "नंतर बघू" फार महागात पडतं. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, म्हणजे वकील ज्याला सीपीसी म्हणतात, त्यात ऑर्डर २ रूल २ आहे. एकाच कारणातून जेवढं येणं निघतं तेवढं सगळं एकाच दाव्यात मागायचं. जाणूनबुजून किंवा विसरून काही भाग सोडला, तर त्या भागासाठी पुन्हा दावा करता येत नाही.

संहितेतच एक छोटं उदाहरण दिलंय. घरमालकाने वर्षाला १२०० रुपये भाड्याने घर दिलं. १९०५, १९०६ आणि १९०७ या तिन्ही वर्षांचं भाडं थकलं. १९०८ मध्ये त्याने फक्त १९०६ च्या भाड्याचा दावा केला. आता १९०५ आणि १९०७ चं भाडं त्याला कधीच मागता येणार नाही. दोन वर्षांचे २४०० रुपये हक्काचे असूनही गेले. भाड्याच्या जागी बिलं ठेवा, आपलंच प्रकरण आहे.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला, दावा टाकायच्या दिवशी जे देय झालंय तेच मोजायचं. ज्या बिलाचा क्रेडिट पिरियड अजून संपलेला नाही, ते बिल सोडलं असं होत नाही. दुसरा, पीओ खरोखर वेगळे, कामं वेगळी, अटी वेगळ्या असतील तर कारणंही वेगळी धरली जाऊ शकतात, आणि मग हा नियम आड येत नाही. पण एकच रेट कॉन्ट्रॅक्ट आणि एकच चालू लेजर असेल तर "प्रत्येक बिल वेगळं" या युक्तिवादावर मी तरी लाखो रुपये लावणार नाही. तसंही ऑर्डर २ रूल ३ प्रमाणे एकाच पार्टीविरुद्धची वेगवेगळी कारणं एका दाव्यात घालता येतात. मग जोखीम घ्यायची कशाला?

व्याजही याच दाव्यात मागा. त्याच पीओखाली आपली डाय किंवा फिक्स्चर त्यांच्याकडे अडकलं असेल तर तेही. रक्कम आज आणि डाय नंतर मागायची असेल, तर नंतरच्या मागणीसाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. पण रकमेचाच एक तुकडा सोडला, तर त्याला ही परवानगीची वाट नाही. दावा चालू असताना चूक लक्षात आली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधी करा. नंतर फार कठीण जातं.

आणि ती वादाची तीन बिलं? रिजेक्शनचा मुद्दा तसाही बाहेर येणारच. समोरची कंपनी त्याच दाव्यात काउंटरक्लेम टाकू शकते. म्हणजे भांडण तर होणार, फक्त तुमचे पैसे मागायची सोय तुम्ही घालवलेली असणार.

कोणावर: ज्याच्याशी व्यवहार, त्याच्यावर

"मोठ्या कार कंपनीलाही पार्टी करू का? माल शेवटी तिच्याच गाडीत बसतो. प्रेशर येईल." हा प्रश्न आपल्या पट्ट्यात हमखास येतो. उत्तर नाही. पीओ ज्याने दिला, बिल ज्याच्या नावावर निघालं, त्याच्याशी तुमचा करार.

यावर आपल्याच राज्यातलं एक प्रकरण गाजलेलं आहे. मुंबई विमानतळाच्या जमिनीवरून रीजन्सी कन्व्हेन्शन सेंटर या कंपनीने एअरपोर्ट्स अथॉरिटीवर मुंबई उच्च न्यायालयात दावा टाकला होता, की ठरलेला करार पाळा. मध्यंतरी २००६ मध्ये विमानतळ चालवायचं काम मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट या कंपनीकडे गेलं. ती म्हणाली, ही जमीन आम्हाला लागणार आहे, आम्हालाही पार्टी करा. उच्च न्यायालयाने नकार दिला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. ती जमीन आपल्याला मिळेल अशी त्या कंपनीला आशा होती, पण एवढ्याने कोणी आवश्यक पार्टी होत नाही. ज्याच्याशिवाय कोर्टाला परिणामकारक हुकूमच देता येत नाही, तो आवश्यक. ज्याच्या असण्याने वाद पूर्ण सुटायला मदत होते, तो योग्य. बाकीचे बाहेर.

आता नावं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर प्रतिवादी कंपनी. डायरेक्टरने वैयक्तिक गॅरंटी दिली नसेल तर कंपनीच्या थकबाकीसाठी त्याच्या घरापर्यंत सहसा जाता येत नाही. भागीदारी असेल तर फर्मच्या नावाने दावा करता येतो, आणि देण्याला सगळे भागीदार जबाबदार असतात. समोरचा प्रोप्रायटर असेल तर दुकानाच्या नावावरही दावा चालतो. पण तुम्ही स्वतः प्रोप्रायटर असाल तर वादी म्हणून दुकानाचं नाव चालत नाही. तुमचं स्वतःचं नाव, पुढे "प्रोप्रायटर, अमुक एंटरप्रायजेस" असं लिहायचं. आणि तुमची भागीदारी फर्म रजिस्टर नसेल तर कलम ६९ प्रमाणे करारातले पैसे मागायचा दावाच टिकत नाही. नवीन फर्म काढणाऱ्यांनी हे आजच तपासा.

कधी कधी दोषी कोण हेच कळत नाही. माल वाटेत डॅमेज झाला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पॅकिंग वाईट होतं, पॅकिंगवाला म्हणतो गाडीत आदळला. ऑर्डर १ रूल ७ अशाच वेळेसाठी आहे. शंका असेल तर दोघांनाही प्रतिवादी करा, जबाबदारी कोणाची ते कोर्ट ठरवेल.

"आम्ही तिघं व्हेंडर, एकाच कंपनीने तिघांचे बुडवलेत. एकच केस टाकून फी वाटून घेऊ?" कल्पना छान आहे, पण ऑर्डर १ रूल १ मध्ये दोन अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. हक्क एकाच व्यवहारातून किंवा व्यवहारांच्या एकाच मालिकेतून आलेला हवा, आणि प्रश्नही समान हवा. तिघांचे पीओ वेगळे, माल वेगळा, चलनं वेगळी. बुडवणारा एक असला म्हणून व्यवहार एक होत नाही. तीन दावे टाका. वकील एकच ठेवा, तिथे फी कमी करून घ्या.

नाव राहिलं किंवा जास्तीचं पडलं, तर रूल ९ म्हणतो की तेवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही, आवश्यक पार्टीच राहिली असेल तर गोष्ट वेगळी. रूल १० प्रमाणे कोर्ट कोणत्याही टप्प्यावर नाव घालू किंवा काढू शकतं. पण मुदत कायद्याचं कलम २१ लक्षात ठेवा. नव्याने घातलेल्या प्रतिवादीविरुद्ध दावा ज्या दिवशी त्याचं नाव आलं त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. प्रामाणिक चूक होती हे कोर्टाला पटलं तरच आधीची तारीख मिळते. जॉबवर्कची मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं; क्रेडिटवर विकलेल्या मालाची, क्रेडिट संपल्यापासून ३ वर्षं. मुदत संपायच्या महिनाभर आधी दावा टाकला आणि भागीदारी समजून चुकीच्या माणसावर टाकला, तर नाव दुरुस्त होईल, पण मुदत निघून गेलेली असू शकते.

दाव्याच्या आधी मीडिएशन

व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो कमर्शियल कोर्टात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर आधी मीडिएशन करावंच लागतं. हे बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, ते पाटील ऑटोमेशन विरुद्ध रखेजा इंजिनिअर्स या प्रकरणात. पाटील ऑटोमेशन ही आपल्या पुणे जिल्ह्यातलीच कंपनी. मीडिएशन न करता वसुलीचा दावा आला म्हणून तिने हरकत घेतली होती. मीडिएशनच्या अर्जातही तीच सगळी नावं आणि तीच पूर्ण रक्कम लिहा. तिथे तडजोड झाली तर ती लवादाच्या निवाड्यासारखी लागू होते. मीडिएशनमध्ये गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत.

चेक बाउन्सची केस याच पैशांसाठी वेगळी चालते, पण तिथे नाव विसरणं जास्त घातक आहे. चेक कंपनीचा असेल आणि तुम्ही फक्त सही करणाऱ्या डायरेक्टरला आरोपी केलं, कंपनीला नाही, तर केस उभीच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१२ मध्ये अनिता हाडा प्रकरणात स्पष्ट केलंय. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत जी नोटीस जाते, तीही कंपनीच्या नावाने काढा, आणि सही करणाऱ्याला वेगळी प्रत पाठवा.