खारपाणपट्ट्यातलं लोखंड

मित्रांनो, लोखंड म्हटलं की फर्स्ट इयरची केमिस्ट्रीची वही आठवते. अणुक्रमांक 26, घनता पाण्याच्या 7.87 पट, वितळणबिंदू 1538 अंश सेल्सिअस. 770 अंशांच्या वर तापवलं की लोहचुंबकत्व जातं. एवढं पाठ केलं की मार्क्स मिळतात. पण लोखंडाचा एक गुणधर्म नुसता पाठ करून भागत नाही, निदान आपल्या वऱ्हाडात तरी नाही. तो म्हणजे गंजणं.

गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. पृष्ठभागावर एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतो. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेतात. म्हणजे ही छोटी बॅटरीच झाली! अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड अंगाला घट्ट चिकटून आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र, पापुद्रे सुटणारा. म्हणून तो आत आत शिरत जातो.

आता आपल्याकडचं बघू. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. माझं गाव दर्यापूर तालुक्यात, याच पट्ट्यात. क्षारांमुळे खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून ती बॅटरी जोरात चालते. पाइप गंजला तर दिसतो आणि बदलता येतो. स्लॅबमधली सळई दिसत नाही, खरी काळजी तिची आहे.

चांगल्या काँक्रीटचा पीएच 12 ते 13 असतो. त्यामुळे सळईवर पातळ संरक्षक थर बसतो. पाण्यातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आतून दाब येऊन सळईच्या रेषेत भेग पडते, मग खालचं काँक्रीट गळायला लागतं. म्हणून आयएस 456:2000 या मानकाने सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम ठेवली आहे. बिनसळईच्या काँक्रीटला ती 2000 आहे. हा चौपट फरक केवळ लोखंडापायी!

गावात मिस्त्रीला हटकलं तर तो म्हणतो, "पाणी ते पाणीच, त्यानं काय होते?" पहिली काही वर्षं खरंच काही दिसत नाही. पण घर आयुष्यात एकदाच बांधलं जातं, तेही कर्ज काढून.

उपाय आपल्याच लॅबमध्ये आहे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की क्लोराइडचा पांढरा साका दिसतो. प्रमाण किती ते टायट्रेशनने कळतं. उकळून किंवा तुरटी फिरवून क्लोराइड जात नाही, हेही घरी सांगा. बांधकामाला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचं आणि क्युरिंगलाही तेच.

तेव्हा मित्रांनो, गावात कुणाचं बांधकाम निघणार असेल, तर सुट्टीवरून येताना तिथलं बाटलीभर पाणी घेऊन या. तपासायला फार वेळ लागत नाही.