निर्जन बेटाची राखण कोणी करावी?

सामाईक साधनसंपत्तीचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत बहुधा गावचे गायरान दिलेले असते. कोकणच्या वाळूतील कासवाचे अंडे हे त्याहून बोलके उदाहरण आहे. घरटे उकरणाऱ्याला त्याच दिवशी पैसे मिळतात. घरटे राखणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असूनही अंड्यांची चोरी चालूच राहिली, त्याचे कारण या हिशेबात आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे हा हिशेब बदलला. (हे नाना फडणवीसांचे गाव.) चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या साहाय्याने काम सुरू केले. पहिल्याच हंगामात ५० घरट्यांचे रक्षण होऊन २,७३४ पिल्ले समुद्रात सोडण्यात आली. पद्धत साधी, परंतु काटेकोर आहे. मादी अंडी घालून परतली की ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर पुरतात. ही खोली महत्त्वाची, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक उबदार असल्यास माद्या अधिक निपजतात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पर्यटक गावातील घरांत उतरू लागले आणि राखणीचे मोल प्रथमच राखणदाराच्या घरी पोहोचले.

वेळासचे हे यश पाहून तोच उपाय सर्वत्र लागू करावा, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हमखास लिहितात. तेथे थोडे थांबावे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स हा खडकाळ बेटांचा समूह आहे. दीपगृहाशी संबंधित ये-जा सोडल्यास तेथे वस्ती नाही. या खडकांवर सुरय पक्ष्यांची वीण होते, तर गुहांमध्ये लाळेपासून घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या राहतात. हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास या पक्ष्यांविषयी लिहिले होते. पाकोळ्यांच्या घरट्यांना परदेशात सूपासाठी मोठी किंमत येते. येथील घरट्यांची चोरी २००१ मध्ये उघडकीस आली.

वेळासला गाव किनाऱ्यालगत आहे, म्हणून लाभ आणि राखण एकाच ठिकाणी नांदतात. बेटावर गावच नाही. तेथे पर्यटक नेणे हाच अपाय ठरतो. माणसाच्या चाहुलीने सुरय उडाले की उघड्या खडकावरील अंडी उन्हात तापतात आणि भक्षकांच्या दृष्टीस पडतात. म्हणजे ज्या उत्पन्नातून वेळासची घरटी वाचली, त्याच उत्पन्नाच्या मागे लागल्यास येथील घरटी उजाड होतील.

किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना, २०१९ नुसार कासवांची व पक्ष्यांची विणीची स्थाने सर्वाधिक संवेदनशील वर्गात मोडतात. लक्षद्वीपमधील निर्जन पिट्टी बेटाचा परिसर २०२० मध्ये सागरी पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाला. परंतु अधिसूचना रात्री गस्त घालीत नाही. गस्तीला होडी, इंधन आणि मजुरी लागते. मालवण-निवतीच्या समुद्रावर मासेमार रोज असतातच; विणीच्या महिन्यांत त्यांनाच राखणीचे मानधन द्यावे, त्या काळात बेटावर उतरण्यास बंदी असावी आणि हा खर्च किनाऱ्यावरील जलपर्यटनाच्या शुल्कातून भागवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. समुद्र पाहण्यास येणाऱ्याने न पाहिलेल्या बेटाचे मोल देणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने मुळीच वावगे नाही.