दृष्टिपटलाचे छिद्र : वेळीच ओळख, वेळीच उपचार

आपल्या परिसरात डोळ्यांचा आजार म्हटला की प्रथम मोतीबिंदू आठवतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही महिने लांबली तरी दृष्टी बहुधा परत मिळते. दृष्टिपटलाच्या बाबतीत मात्र काही दिवसांचा विलंबही महाग पडू शकतो. म्हणून देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल, म्हणजेच रेटिना, हा पातळ पडदा असतो. तो प्रकाशाचे संदेश मेंदूकडे पाठवितो. डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा पारदर्शक पदार्थ उतारवयात आक्रसून पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना ताण बसला तर पडदा फाटतो. काही वेळा पडदा विरळ होऊनही गोल छिद्र पडते. जास्त उणे नंबरचा चष्मा, डोळ्याला लागलेला मार, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि कुटुंबात कोणाचा पडदा सरकलेला असणे, यांमुळे धोका वाढतो.

पेणच्या खारपट्ट्यातील शेतकऱ्यास हे सहज उमगेल. खेकड्याने बांधाला पाडलेले भोक लहानच असते; पण भरतीचे पाणी त्यातून शिरू लागले की खांड जाते आणि शेत खारे होते. तसाच छिद्रातून द्रव पडद्यामागे शिरला की पडदा जागचा सुटतो.

छिद्र दुखत नाही, त्यामुळे पुढील खुणा ओळखाव्यात :

१. डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके वा जाळी तरंगणे
२. अंधारातही वीज चमकल्याचा भास होणे
३. नजरेच्या कडेने काळा पडदा सरकत येणे

अशा वेळी शिबिराची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. केवळ चष्म्याचा नंबर तपासून छिद्र कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी व्हावी लागते. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते, म्हणून रुग्णाने वाहन चालवू नये.

सरकलेला पडदा एके काळी असाध्य मानला जाई. स्वित्झर्लंडमधील डॉ. ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की छिद्र हेच मूळ कारण असून ते बंद केल्यास पडदा पुन्हा बसू शकतो. आज छिद्राभोवती लेझरने बांध घातला जातो. त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही. मात्र बांध पक्का होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. प्रत्येक छिद्राला लेझर लागतोच असे नाही. काहींवर केवळ लक्ष ठेवले जाते. पडद्याच्या मध्यभागी, पीतबिंदूत पडणारे छिद्र वेगळे. त्यात सरळ रेषा वाकड्या दिसतात व बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

पडदा सरकल्यावर मोठी शस्त्रक्रिया अटळ ठरते, आणि ती करूनही पूर्वीची नजर येईलच याची हमी नसते. तरीही खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखीव असतात.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा पेणचा कारागीर असो वा रोह्याजवळील धाटाव वसाहतीतील कामगार, त्याच्या घरची चूल नजरेवरच पेटते. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तरी वेळीच केलेला लेझर हा सर्वांत कमी खर्चाचा उपचार होय. दात्यांच्या साहाय्याने ही तपासणी गावोगावी पोहोचावी, हीच प्रार्थना.